कुत्र्याला गाडी लागते तेव्हा

गाडी ठरवायला फोन आला आणि सोबत कुत्रं आहे असं कळलं, की भाड्याचं बोलण्याआधी मी कुत्र्याची चौकशी करतो. वय किती? दारात गाडी उभी दिसली की काय करतं? लाळ गाडी हलायच्या आधी सुटते, की वळणं सुरू झाल्यावर? समोरचा माणूस गोंधळतो. "मामा, एकदम शांत हाय ओ, चावत नाही," असं सांगायला लागतो. चावण्याची मला चिंता नसते. त्या जनावराला गाडीची भीती बसली आहे, की त्याच्या कानाला गाडीचं हलणं सोसत नाही, हे मला निघण्याआधी कळायला हवं असतं. दोन्हींत कुत्रं थरथरतं, धापा टाकतं, ओकतं. बाहेरून सारखंच दिसतं. पण भीतीवर उलटीची गोळी चालत नाही, आणि कानाचा त्रास नुसत्या कुरवाळण्याने थांबत नाही.

मी बेळगावच्या अनगोळात राहतो. सात सीटची गाडी आहे, पिवळ्या पाटीची. गोवा, कोल्हापूर, आंबोली, सौंदत्ती, सांबऱ्याचं विमानतळ अशी भाडी मारतो. कुत्रं म्हटलं की बेळगावातले बरेच गाडीवाले नको म्हणतात. सीटला केस चिकटतात, वास राहतो, उलटी झाली तर दुसऱ्या दिवशीचं भाडं जातं. त्यांचंही पोट गाडीवर आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. मी कुत्री न्यायला लागलो ते कॅम्पामुळे. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, म्हणजे बदल्या आल्याच. बदली झाली की सामान ट्रकने जातं, माणसं रेल्वेने जातात, आणि कुत्र्याचा प्रश्न शेवटच्या आठवड्यात उभा राहतो. "ह्याला गाडी सोसत नाही" एवढ्या कारणावरून चांगली पाळलेली कुत्री इथे कुणाच्या तरी दारात ठेवून गेलेली मी पाहिली आहेत. मालक रडत जातात आणि कुत्रं फाटकाशी बसून राहतं. ते मला बघवत नाही, कारण त्यातल्या बहुतेकांना प्रवास शिकवता आला असता. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टर मॅडम आहेत, त्यांना मी प्रवासाबद्दल सारखं विचारत असतो. त्यांनी मला कानाचं समजावलं. कुत्र्याच्या आतल्या कानात, आपल्यासारख्याच, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. डोकं हललं की तो द्रव हलतो आणि मेंदूला कळतं की आपण कुठे झुकतो आहोत. गाडीत कुत्रं खाली बसलेलं असतं. डोळ्यांना समोर सीटची पाठ दिसते, ती तर जागची हलत नाही. कान मात्र सांगत असतात की आपण डावीकडे फेकले जातो आहोत, आता उजवीकडे, आता पुढे. हे दोन निरोप जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. पिल्लांत कानाची ही घडण अजून पक्की झालेली नसते, म्हणून त्यांना त्रास जास्त. वर्षाचं होईतो पुष्कळ कुत्र्यांचा हा त्रास आपोआप कमी होतो.

अडचण अशी, की कान सुधारतो पण आठवण राहते. लहानपणी चारदा गाडीत ओकलेल्या पिल्लाला गाडी म्हणजे पोटात ढवळणं हे पक्कं बसतं. मग मोठेपणी कान धडधाकट असूनही ते गाडीचं दार उघडल्याबरोबर लाळ गाळायला लागतं. त्यात भर म्हणजे आपल्याकडे कुत्रं गाडीत बसतं ते कधी? इंजेक्शनला. दुसऱ्या कशालाही नाही. गाडी, मग मळमळ, मग टेबलावर धरून ठेवणं, मग सुई. त्याने गाडीवर प्रेम करावं असं त्यात काय आहे?

घाटात मागच्या सीटवरून "अचानक ओकला ओ!" असा आवाज आला की मला वाईट वाटतं. अचानक काहीच झालेलं नसतं. आरशात मला ते कुत्रं बराच वेळ दिसत असतं. आधी ते ओठ चाटायला लागतं. मग पुन्हा पुन्हा जांभया. लोकांना वाटतं झोप आली. जांभई ही कुत्र्याची अस्वस्थता असू शकते, विशेषतः सोबत कान मागे पडलेले असतील तर. मग गिळणं सुरू होतं, गळा सारखा वरखाली होतो. लाळेची तार लोंबते. एरवी भुंकणारं कुत्रं गप्प होतं, किंवा गप्प कुत्रं बारीक कुंइं कुंइं करतं. जागा बदलत राहतं. आणि शेवटी पोट आत ओढून उचंबळ. ह्या सगळ्याला कधी पाच मिनिटं लागतात, कधी वीस. ओठ चाटणं दिसलं तेव्हाच गाडी बाजूला घेतली, दार उघडून सपाट जमिनीवर चालवलं, तर पुष्कळदा उलटी टळते. म्हणून मी घरच्यांना सांगतो, एकाने मोबाईल खाली ठेवून फक्त कुत्र्याच्या तोंडाकडे लक्ष द्या. लहान मुलं हे काम फार मन लावून करतात. एका भाड्यात सहावी-सातवीतली मुलगी होती, तिने जांबोटीच्या पुढे "मामा, पिंटूने तीनदा जीभ फिरवली" असं मला सांगितलं. थांबलो. पिंटू पाच मिनिटं गवत हुंगत फिरला आणि पुढे साखळीपर्यंत त्याला काही झालं नाही.

आता भीतीचं. जे कुत्रं गाडी उभी असतानाच थरथरतं, किल्लीचा आवाज ऐकून पलंगाखाली जातं, त्याला ओढून गाडीत कोंबायचं नाही. आज बसवून न्याल, पण पुढच्या वेळी ते आणखी लवकर पलंगाखाली जाईल. त्याला पायरी पायरीने आणावं लागतं, आणि पायऱ्या इतक्या लहान हव्यात की कुत्र्याला त्या चढल्याचं कळूही नये.

टिळकवाडीतल्या एका काकूंची लुसी अशी होती. त्यांना मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं होतं आणि लुसी फाटकाबाहेर उभ्या गाडीकडे बघूनही मागे सरकायची. सुदैवाने काकूंनी वेळेत, निघायच्या बऱ्याच आधी फोन केला. आम्ही ठरवून काम केलं. संध्याकाळी भाडं संपवून घरी जाताना मी गाडी त्यांच्या दारात लावायचो. पहिल्यांदा लुसीचं ताट गाडीपासून लांब ठेवलं, जिथे ती मोकळ्या मनाने खाते तेवढ्या अंतरावर. मग रोज थोडं थोडं जवळ. मग गाडीच्या सावलीत. मग गाडीची दोन्ही बाजूंची दारं उघडून सीटवर उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे टाकले. दोन्ही दारं उघडी का, तर तिला समोरून बाहेरची वाट दिसली पाहिजे. कोंडलं जात नाही हे कळल्यावरच ती पाय वर ठेवते. चढली, खाल्लं, दुसऱ्या बाजूने उतरली, बस. दार लावायचा मोह काकूंना फार व्हायचा. "आत बसली की ओ, आता लावूया की!" मी नाही म्हणायचो. दार लावायची पायरी वेगळी, इंजिन सुरू करायची वेगळी, गाडी जागच्या जागी पुढे-मागे घ्यायची वेगळी. एखाद्या पायरीवर लाळ आली, चिकन नाकारलं, की एक पायरी मागे यायचं. खाणं नाकारणं ही मोठी खूण आहे. घाबरलेलं कुत्रं आवडीचा तुकडाही तोंडात घेत नाही.

पहिली खरी सफर आम्ही वॅक्सिन डेपोपर्यंत केली. घरापासून इतकी जवळ की माणूस चालत जाईल. तिथल्या झाडांखाली लुसी मनसोक्त हिंडली आणि परत. पुढच्या वेळी किल्ल्याजवळच्या तलावाकडे, मग हिंडलग्याच्या पुढे मोकळ्या रानात, मग राकसकोपच्या रस्त्याला. दरवेळी शेवटी काहीतरी आवडीचं. दवाखाना मध्ये आणला नाही. पुण्याच्या प्रवासात ती निपाणीपर्यंत बसून होती आणि पुढे झोपली. काकूंनी फोनवर आवाज खाली करून मला ते सांगितलं, जणू मोठ्याने बोललं तर ती उठेल. मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

अशा शिकवणीला किती दिवस लागतात हे सगळे विचारतात. काहींना आठवडा पुरतो, काहींना दोन-तीन महिने. कुत्रं ठरवतं. म्हणून उद्याच्या लग्नासाठी आज फोन करू नका.

इथे एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण ती सारखी निसटते. म्हातारं कुत्रं गाडीत चढायला नको म्हणत असेल तर ती भीती नसेलही. कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा लॅब्राडोर वर्षानुवर्षं आनंदाने गाडीत उडी मारायचा आणि एकदम बंद झाला. साहेबांना वाटलं हट्ट. डॉक्टरांनी मागचे पाय हलवून पाहिले, तर कंबरेचे सांधे दुखत होते. त्याला उडी नको होती, गाडी नको नव्हती. साहेबांनी जुन्या फळीवर पायपुसणं ठोकून उतरण तयार केली, आणि तो तिच्यावरून शांतपणे चालत वर गेला. तसंच, जन्मात कधी गाडी न लागलेलं कुत्रं उतारवयात अचानक ओकायला लागलं, मान एका बाजूला कलायला लागली, डोळ्यांची बुबुळं सारखी डावी-उजवी हलायला लागली, तर तो प्रवासाचा दोष नाही. कान दाखवून घ्या. कानातला संसर्गही तोल घालवतो.

आता माझ्या धंद्याचा भाग, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त म्हणायचं आहे. कुत्र्याची निम्मी मळमळ ड्रायव्हरच्या उजव्या पायात असते.

मी गाडी शिकलो ती दुधाच्या टेम्पोवर. खानापूरच्या पलीकडच्या गावांतून कॅन गोळा करून पहाटे बेळगावला आणायचो. झाकणं कितीही घट्ट लावा, ब्रेक आपटला की दूध सांडायचं आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून जायचे. त्यामुळे पायाला जी सवय लागली ती आज कुत्र्यांच्या कामाला येते. कानातला तो द्रव म्हणजे माझ्या मते कॅनमधलं दूधच. वळण यायच्या आधी वेग उतरवायचा, वळणात ब्रेक मारायचा नाही. वळणातून सरळ झाल्यावर हळूहळू वेग द्यायचा. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून झटके देत उतरायचं नाही, खालचा गिअर टाकून गाडी इंजिनावर धरायची. पुढच्या ट्रकला चिकटून चाललात की सारखा ब्रेक लागतो. म्हणून अंतर ठेवायचं, कितीही मागून हॉर्न वाजवू देत.

आपल्या भागातले रस्ते मी कुत्र्याच्या पोटाने मोजतो. कोल्हापूरचा हायवे सोपा. काकतीच्या पुढे वंटमुरीचा घाट आणि निपाणीच्या अलीकडे तवंदीचा घाट, दोन्ही रुंद आणि लांब वळणांचे. नवशिक्या कुत्र्याला पहिला लांबचा प्रवास ह्याच रस्त्याने घडवावा. वेंगुर्ला रस्ता शिनोळी, पाटणे फाटा करत आंबोलीपर्यंत बरा, पण आंबोलीच्या खाली सावंतवाडीच्या बाजूला घाट दाट वळणांचा. आणि चोर्ला. जांबोटी, कणकुंबीपर्यंत जंगल छान, हवा गार, पण रस्ता अरुंद, पावसाळ्यानंतर खड्डे, आणि पुढे केरीपर्यंत वळणामागून वळण. खड्डा चुकवायला स्टिअरिंग झटकलं की कुत्र्याच्या कानाला तेही एक वळणच. गोव्याला कुत्रं न्यायचं असेल तर मी पहाटे निघतो. रस्ता मोकळा असतो, समोरून गाड्या कमी, हवा थंड, आणि कुत्र्याचं पोट रिकामं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, माउलीचं देऊळ आहे. तिथे घाटाआधीचा मुक्काम ठेवतो, माणसांचा चहा आणि कुत्र्याचं चालणं एकदमच होतं. "मामा, जरा दाबा की, उशीर व्हायलाय," असं कुणी म्हणालं तर मी त्यांना सांगतो, वीस मिनिटं लवकर पोचाल आणि अर्धा तास गाडी धूत बसाल.

कुत्र्याला बसवायचं कुठे? डिकीत नको. मागच्या चाकांच्या वर आणि मागे हेलकावे सगळ्यात जास्त. दोन्ही चाकांच्या मध्ये, म्हणजे मधल्या सीटवर किंवा तिच्या पायथ्याशी, हलणं सगळ्यात कमी. पुढची सीटही नको, एअरबॅग उघडली तर कुत्र्याचा जीव जाऊ शकतो. गळ्यातला पट्टा सीटला बांधू नका, जोरात ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेला बसतो. छातीवरून येणारा हार्नेस घ्या आणि तो सीटबेल्टच्या कडीत अडकवा. काही कुत्र्यांना समोरचा रस्ता दिसला की बरं वाटतं, काहींना पिंजऱ्यावर चादर टाकून अंधार केला की बरं वाटतं. दोन्ही करून बघावं. काचेतून डोकं बाहेर काढू देऊ नका. फोटो छान येतो, पण हायवेवर उडालेला एक खडा डोळा घालवू शकतो. काच दोन-तीन बोटं खाली असली की पुरे, हवा खेळती राहते.

वासाकडे कुणी बघत नाही. डॅशबोर्डावर लटकवलेलं सुगंधी कार्ड, सकाळी लावलेली उदबत्ती, आरशाला बांधलेला मोगऱ्याचा गजरा, फरशी पुसायच्या फिनेलने पुसलेले गालिचे. आपल्याला प्रसन्न वाटतं. कुत्र्याचं नाक आपल्यापेक्षा किती तरी पटींनी तीव्र, त्याला त्या बंद डब्यात कोंडल्यासारखं होतं. कुत्र्याचं भाडं असलं की मी आदल्या रात्रीच कार्ड काढतो आणि गाडी साध्या पाण्याने पुसतो. देवाची पूजा असते, पण उदबत्ती गाडीबाहेर ओवाळतो. घरच्यांना सांगतो की कुत्र्याची रोजची गोधडी न धुता आणा. त्याला घराचा वास हवा असतो, साबणाचा नाही.

खाण्याचं साधं आहे. मोठ्या कुत्र्याला निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको, पाणी थोडं थोडं चालेल. फार लहान पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नका, त्यांची साखर उतरते. थोडंसं हलकं खाऊ घालून अंतर ठेवा. आणि वाटेत लाड नकोत. पाहुण्यांना द्यायला घेतलेला कुंद्याचा डबा उघडतो, एक चमचा ह्याला पण. हॉटेलात वड्याचा तुकडा, सांबारात बुडवलेली इडली. गोड आणि तेलकट पोटात घेऊन घाट उतरला की काय होणार? सांबारातला कांदा तर कुत्र्याच्या रक्तालाच घातक. चॉकलेट आणि मनुकाही कुत्र्याला विषारी आहेत. प्रेम दाखवायचं तर पोचल्यावर दाखवा.

औषधांबद्दल मी डॉक्टर नाही, म्हणून डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं तेवढंच लिहितो, आणि प्रमाण मुद्दाम लिहीत नाही, कारण ते कुत्र्याच्या वजनावर असतं. आपल्या पर्समधली उलटीची गोळी अर्धी करून कुत्र्याला देणं बंद करा. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन तर कधीच नको. कुत्र्यांना गाडी लागते त्यासाठी मारोपिटंट नावाचं औषध आहे. मेंदूतल्या उलटीच्या केंद्राकडे जाणारा निरोप ते अडवतं. निघण्याच्या किमान दोन तास आधी द्यावं लागतं, गाडीत बसल्यावर देऊन उपयोग नाही. ते उलटी थांबवतं, पण भीतीला हात लावत नाही. भीतीसाठी डॉक्टर वेगळी औषधं देतात, ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिनसारखी. ती पहिल्यांदा घरी, सुट्टीच्या दिवशी देऊन बघायची, म्हणजे कुत्र्याला किती चढतात ते कळतं. माणसांच्या पातळ औषधांत कधी झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तो कुत्र्याला विष. म्हणून गॅबापेंटिनसुद्धा डॉक्टरांनी लिहून दिलेलंच घ्या. नुसती गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी अंग शिथिल पडतं पण आतली घबराट तशीच राहते. "डोळे मिटून पडलंय म्हणजे बरं आहे" असं धरू नका, हे मॅडमनी मला ठासून सांगितलं होतं. मुधोळसारख्या अंगावर चरबी कमी असलेल्या शिकारी कुत्र्यांच्या बाबतीत गुंगीचं औषध आणखी जपून.

एवढं करूनही कुत्रं ओकलं तर ओरडू नका. त्याने मुद्दाम केलेलं नाही, आणि ओरडण्याने पुढची भीती तेवढी पक्की होते. गाडी थांबवायची, आधी दोरी हातात घट्ट धरायची, मगच दार उघडायचं. हा क्रम मी कुणालाच मोडू देत नाही. बिथरलेलं कुत्रं फटीतून निसटलं तर रस्त्यावर ट्रक असतात, आंबोलीच्या घाटात कठड्यावर माकडं बसलेली असतात. माकडामागे धावलेलं कुत्रं दरीचा विचार करत नाही. गळ्यात फोन नंबर लिहिलेला बिल्ला हवाच. तोंड पुसा, दोन घोट पाणी द्या, चालवा, आणि तोंड चाटणं थांबेपर्यंत निघू नका. थांबल्यावरही उलट्या चालूच राहिल्या, त्यात रक्त दिसलं, तर पुढच्या गावात डॉक्टर शोधा. आणि जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन असल्या खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलं, ते ओकायचा प्रयत्न करतंय पण बाहेर काहीच पडत नाही, तर ती गाडी लागलेली नव्हे. त्याच्या जठराला पीळ पडलेला असू शकतो. तिथे तासाचाही उशीर परवडत नाही. परत फिरा, जवळचा दवाखाना गाठा, प्रवास सोडून द्या.

उन्हाचं वेगळं सांगतो. बेळगावच्या हवेने आपण बेफिकीर झालो आहोत. इथे एप्रिलमध्येही संध्याकाळी वारा सुटतो, त्यामुळे बंद गाडीत कुत्रं ठेवून लोक "दोनच मिनिटं" दुकानात शिरतात. बाहेर २४ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४३ अंशांच्या आसपास तापमान जातं, आणि काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. मग अथणी, रायबागच्या उन्हाळ्यात काय होत असेल? कुत्र्याचं अंग मुळातच ३८ ते ३९ अंशांवर असतं, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच ते उष्णता बाहेर काढतं. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही. म्हणून माझ्या गाडीत नियम आहे, जेवायला थांबलं तर एक जण कुत्र्यापाशी सावलीत. कुणी नसेल तर मी थांबतो, माझा डबा नंतर खातो. धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक, चाल लटपटती अशी दिसली तर अंगावर साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि तसंच ओलं दवाखान्यात न्या.

शेवटी पिल्लांचं, कारण ह्या महिन्यात तेच फोन जास्त येत आहेत. मुधोळची कुत्री आपल्या ह्या भागाचा अभिमान. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली जात, २००५ साली टपाल तिकिटावर आली, आता लष्करातही घेतली जाते. तिकडून पिल्लू आणायला बेळगावची, खानापूरची, चंदगडची पोरं हौसेने जातात, आणि दीड-दोन महिन्यांचं पिल्लू पिशवीत घालून, मांडीवर मोबाईल आणि गाणी चालू ठेवून, एका दमात घरी आणतात. आईपासून तुटण्याचा तोच दिवस, आणि त्याच दिवशी तासन् तास ओकणं. पुढच्या दहा वर्षांची भीती तिथे रुजते. पिल्लू आणायला जात असाल तर दोघे जा, एकाने फक्त पिल्लू सांभाळायचं. जाताना घरची एक चादर न्या आणि पिल्लाच्या आईच्या अंगाला घासून आणा. तासाभराने थांबा, पण लस पुरी झालेली नसते म्हणून दुसरी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका, चादरीवरच ठेवा. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवसापासून इंजिन बंद असलेल्या उभ्या गाडीत बसवून दोन घास भरवा, आणि पहिला फेरा लसीच्या आधी कुठेतरी मजेच्या ठिकाणी करा. गाडी नसेल तर शेजाऱ्याची उभी गाडी मागा. अनगोळात असाल तर माझी मागा, संध्याकाळी सातनंतर ती दारातच असते.